घंगाळातल्या मासोळ्या

लग्न होऊन मी सासरी आले, तेव्हा गावाला माझं नाव कळायच्या आधी माझं पाणी कळलं होतं. "खाऱ्या पान्याची पोट्टी आनली," असं बायका बारवेवर बोलत, आणि मी ऐकू येण्याइतकी जवळ असले की जरा जास्तच बोलत. माझं माहेर पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरींना पाणी भरपूर, पण तोंडात धरलं की मिठाचा खडा विरघळल्यासारखं लागतं. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. सासर मंगरूळपीरच्या बाजूला, उंचावर. तिथल्या बारवेचं पाणी असं गोड, की पहिल्या दिवशी मी तहान नसताना दोन तांबे प्यायले.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. बायका थेट पायऱ्या उतरून, घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून घागर बुडवायच्या. त्या गोड पाण्याचा गावाला केवढा तोरा. त्याच पाण्यातून नारू येतो हे मात्र कोणी तोंडाने म्हणत नसे. नारू म्हणजे सुतासारखा लांब किडा. तो पायाला फोड आणून बाहेर पडतो, आणि बारीक काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळून काढावा लागतो. घाई केली आणि तो आत तुटला, तर पाय सुजतो, पिकतो आणि कधी कधी माणूसही जातो. माझे सासरे तसेच गेले होते. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लागोपाठ दोन उन्हाळे नारू निघाला आणि दुसऱ्या वेळी उजवा गुडघा जो आखडला तो पुरता सरळ झालाच नाही. घरात कर्ता पुरुष तेवढाच. तिसऱ्या नारवात हा पाय गेला, किंवा बापासारखा जीवच गेला, तर काय, हा विचार माझ्या सासूच्या डोक्यातून क्षणभर जात नसे. माझ्याही डोक्यातून जात नसे, पण नव्या सुनेने ते बोलायचं नसतं.

त्या हिवाळ्यात तालुक्याहून आरोग्य खात्याचा एक माणूस आला. चावडीपुढे उभा राहून त्याने सांगितलं, की नारूवाला माणूस पाण्यात उतरतो तेव्हा किड्याची पिल्लं पाण्यात पडतात, त्या पिल्लांना पाण्यातले बारीक जीव गिळतात, ते जीव आपल्या पोटात जातात आणि वर्षाने नारू बाहेर येतो. बारवेत बारीक मासे सोडा, ते हे जीव खाऊन टाकतील, आणि नारूचा पाय पाण्यात घालू देऊ नका. एवढं सांगून तो निघून गेला. लोक हसले. पिण्याच्या पाण्यात मासे, म्हणजे उद्या त्यात म्हशी बसवाल, असं एक जण म्हणाला.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. विधवा बाई, पण जिभेला धार अशी की पाटीलही त्यांच्याशी बोलताना आधी घसा खाकरायचा. घरी येऊन त्या मला म्हणाल्या, "तुया माहेरच्या इहिरीत मासोया हायेत म्हनत होती न तू?"

"हायेत, आत्याबाई. बोटाएवढ्या. आमच्या इहिरीत डास होत नाई त्याईच्यानं."

"मंग तुया दादाले सांग, घेऊन ये म्हना."

माझ्या माहेरची कुठलीतरी गोष्ट या घराला हवी होती. त्या दिवशी भाकरी थापताना मी गुणगुणले, हे मला पक्कं आठवतं.

पाटलाने मात्र अट घातली. प्लेगाच्या वेळी बाहेरून आलेल्या माणसाला गावाबाहेर खोपीत ठेवायची रीत आमच्याकडे पडली होती. तो धडधाकट राहिला तरच त्याला गावात घेत. ती आठवण म्हाताऱ्यांच्या मनातून गेलेली नव्हती. "मासोया का असेनात, परक्या पान्याच्या हायेत," पाटील म्हणाला. "होळीच्या पुनवेपासून अवसेलोक गावाबाहेर ठेवा. धड राह्यल्या त बारवेत सोडू. बिमार पडल्या त पुन्हा मासोयाचं नाव काढाचं नाई, वयनी." आत्याबाईंनी सगळ्यांसमोर मान डोलावली. म्हणजे सगळा भार त्या बोटाएवढ्या जिवांवर आला.

होळीच्या आदल्या दिवशी दादा बैलगाडीतून आला. गाडीत गवतात रोवलेली मडकी होती. एका मडक्यात ओंजळ-दोन ओंजळी मासोळ्या, बाकीच्यांत नुसतं आमच्या विहिरीचं पाणी. दादा म्हणाला, "यकदम गोड्या पान्यात नोका टाकू. आमचं पानी अन् तुमचं पानी मिसळत मिसळत जा." तो जेवून लगेच निघाला. पाहुण्याने मुक्काम केला तर त्यालाही खोपीत ठेवतील, असं म्हणून तो हसला, पण थांबला नाही.

वावरातल्या खोपीत मासोळ्या ठेवायच्या, पण कशात, यावर आत्याबाईंनी विचार करायला वेळच घेतला नाही. माळ्यावरून त्यांनी आपलं तांब्याचं घंगाळ काढलं. त्यांच्या आईबापांनी आंदणात दिलेलं. त्यात पाणी काढायचं ते फक्त सणाला. तांब्याइतकं शुद्ध भांडं नाही, ही आमच्या घरातली पहिली श्रद्धा होती. माझ्या आंदणात पितळ होतं, कासं होतं, पण पाण्याचं तांब्याचं भांडं नव्हतं, आणि त्यावरून मी आल्या आल्याच ऐकून घेतलं होतं: "तुमच्याकडं तांब्यातलं पानी पेत नाई काय वं? मडक्यातलंच पेता?" पेतो मडक्यातलंच, असं मी म्हणाले होते आणि लाजेने माझे कान तापले होते. आम्ही गरीब म्हणून आमच्याकडे तांबं नाही, असं मला वाटायचं. आता त्याच बाईने आपलं सगळ्यात मोलाचं भांडं माझ्या माहेरच्या मासोळ्यांसाठी काढलं, तेव्हा मला भरून आलं. आल्या आल्याच्या त्या बोलण्याचा राग तेव्हाच विरघळला.

घंगाळ शुद्ध, तर ते शुद्धच राहिलं पाहिजे. रोज सकाळी आम्ही दोघी वावरात जायचो. आत्याबाई मासोळ्या ओंजळीने अलगद माहेरच्या पाण्याच्या मडक्यात काढायच्या, घंगाळ चिंच लावून राखेने घासायच्या, ते उगवत्या सूर्यासारखं लाल व्हायचं, मग त्यात थोडं माहेरचं, थोडं बारवेचं पाणी ओतून मासोळ्या परत सोडायच्या. मला त्यांनी एकदाही घासू दिलं नाही. हे काम पुण्याचं होतं आणि ते त्यांना स्वतःला हवं होतं.

पहिले दोन-तीन दिवस बरे गेले. मग मासोळ्या खाली बसेनात. सगळ्या वर येऊन तोंडं उघडी टाकून पाण्याचा काठ चाटल्यासारखं करू लागल्या. अंगावर पांढुरका बुळबुळीत पापुद्रा दिसायला लागला. पर अंगाला चिकटवून त्या एका जागी थरथरायच्या. आणि एका सकाळी मी वाकून पाहिलं, तर एकीची शेपटी टोकाला फाटली होती, उंदराने कापड कुरतडावं तशी. दुसऱ्या दिवशी ती बुंध्यापर्यंत गेली होती, आणि आणखी चार जणींची सुरू झाली होती. फाटक्या कडेला लालसर रेघ.

"घान राह्यली असन कुठं," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी चिंच वाढवली.

पहिली मासोळी मेली, ती आम्ही पाटलाच्या नजरेला पडू न देता बांधावर पुरली. पाटील दिवसाआड येऊन घंगाळात डोकावून जात असे. बोलत नसे, नुसता हुंकार देत असे. गावात मात्र बोलणं सुरू झालंच. खाऱ्या पाण्याचा जीव गोड्या पाण्यात टिकायचाच नाही, हे म्हणताना बायका माझ्याकडे पाहायच्या. एकीने तर बारवेवर सरळ विचारलं, की तुझ्या पोटी अजून काही राहिलं नाही ते पण पाण्यामुळेच काय. घागर तिथेच आपटावीशी वाटली. पण बाजूला हे बसले होते, काठीवर हनुवटी टेकून, आखडलेला पाय पुढे करून, आणि त्यांनी काही ऐकलं नाही असं दाखवलं. ते पाहून मी घागर उचलली.

पण रात्री मला त्या बायकांचं म्हणणं खरं वाटायला लागलं. खरंच असेल. गोडं पाणीच सोसत नसेल. म्हणून मी आत्याबाईंना सांगून बारवेचं पाणी बंद केलं आणि घंगाळात नुसतं माहेरचं खारं पाणी घातलं. मासोळ्या आणखी लवकर मरायला लागल्या. आता तर मला काही सुचेना. आपल्या विहिरीच्या पाण्यात, जिथे त्या जन्मल्या त्याच पाण्यात त्या मरत होत्या. संध्याकाळी आत्याबाई एकदाच म्हणाल्या, "माया नवऱ्याचा पाय असाच पांढरा पडला होता मरायच्या आधी." मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्यात तसं नव्हतं.

मग ती सकाळ. पाटील यायचा होता आणि एक मासोळी कुशीवर पडून गोल गोल फिरत होती. शेपटीचा नुसता खुंट राहिला होता. ती पाटलासमोर मेली तर सगळं संपलं, म्हणून मी घाईघाईने तिला ओंजळीत घेतलं आणि खोपीच्या मागे दादाच्या एका मडक्यात, तळाशी उरलेल्या पाण्यात टाकलं. मरायची तर डोळ्याआड मर, असं मी तिला म्हणाले. पाटील आला, हुंकारला, गेला. नंतर कामाच्या गडबडीत मी तिला विसरले. संध्याकाळी पुरायला म्हणून मडक्यात हात घातला, तर ती माझ्या बोटांतून सटकली. मी मडकं उजेडात आणलं. ती सरळ पोहत होती. खुंट हलवत, वाकडीतिकडी, पण तळाशी, अंधारात, मासोळीने पोहावं तशी.

पाणी तेच, माहेरचंच. घंगाळातही तेच, मडक्यातही तेच. आणि मग आठवलं, की रोज घासायच्या वेळी मडक्यात काढल्या की त्या जरा सावध व्हायच्या. आम्हाला वाटायचं, हाताळल्यामुळे भ्याल्या. मी खोपीत जाऊन घंगाळाच्या काठावरून बोट फिरवलं. पाण्याच्या रेघेवर हिरवट साय धरली होती. माहेरी आमच्याकडे तांब्याचं भांडं का नव्हतं, ते त्या क्षणी मला कळलं. गरिबी नव्हती ती. आमचं पाणी तांब्याला खातं, आणि तांबं पाण्यात उतरतं. हे माझ्या आईला ठाऊक असणारच, पण ज्या घरात तांबं नाही तिथे ते सांगायची वेळ कधी आली नाही.

आता हे आत्याबाईंना सांगायचं कसं? त्यांच्या आईबापांचं भांडं, त्यांच्या हातची घासणी, त्यांचं पुण्य. आणि सांगणार कोण, तर मडक्यातलं पाणी पिणाऱ्या घरची पोरगी. न सांगावं आणि गुपचूप मासोळ्या मडक्यात हलवाव्या, असंही मनात आलं. पण सकाळी त्या घासायला येणारच होत्या. शिवाय गप्प बसायचा माझा स्वभाव कधीच नव्हता, तो नुसता नवेपणाचा पदर होता.

सकाळी त्यांनी चिंचेचा गोळा हातात घेतला, तेव्हा मी म्हणाले, "आत्याबाई, आज नोका घासू."

"काहून?"

"या घंगायात तुमी ताक ठेवता काय कधी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही माझं डोकं फिरलं. "बिनाकल्हईच्या तांब्यात ताक ठेवतं काय कोनी? कयकते न."

"अन् लोनचं?"

चिंच त्यांच्या हातात तशीच राहिली. बिनकल्हईच्या भांड्यात आंबट-खारट ठेवलं तर ते कळकतं, विषारी होतं, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला चूल फुंकायच्या आधी शिकवतात. त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. पण पाणी म्हणजे पाणी, आणि तांबं पाण्याला चांगलं, यापुढे आमची अक्कल गेलीच नव्हती. त्यांनी घंगाळात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. लगेच बाजूला थुंकल्या. मग पदराने जीभ पुसली आणि पुसतच राहिल्या.

"कयकलं," त्या म्हणाल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "म्हंजे म्याच मारून राह्यली होती काय वं यायले? रोज?"

मला रडू आलं आणि त्यांना आलं नाही, एवढंच.

मासोळ्या आम्ही बैलांच्या दगडी दोणीत हलवल्या. दोण नुसत्या पाण्याने धुतली. दादाने सांगितलं होतं तसं बारवेचं पाणी रोज तांब्याभर वाढवत नेलं, म्हणजे मातीच्या लोट्याने. तांब्याला आत्याबाई आता हात लावत नव्हत्या. आणखी दोन मेल्या, पण नंतर मरणं थांबलं. शेपट्या मात्र तशाच, झडलेल्या. अवस तोंडावर आली तेव्हा दोणीत सात मासोळ्या होत्या आणि सातही जणी लुळ्यापांगळ्या दिसत होत्या.

अमावास्येला पाटील आला, सोबत गावातली जाणती माणसं. हेही लंगडत आले. पाटलाने दोणीवर वाकून पाहिलं आणि मान हलवली. "शेपट्या झडल्या यायच्या. पर सडले. हा रोग हाय, वयनी. परक्या पान्याचा रोग. असा माल म्या बारवेत सोडू देनार नाई."

कोणीतरी मागून म्हणालं, आधीच म्हटलं होतं खाऱ्या पाण्याचं. मी यांच्याकडे पाहिलं. ते आपल्या गुडघ्याकडे पाहत होते. घंगाळाचं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण ते सांगणं म्हणजे गावासमोर सासूवर बोट दाखवणं होतं, आणि ते मला करवेना. मी खाली मान घातली.

आत्याबाई पुढे आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "पाटील, मासोया बिमार नाईत. या पोरीच्या माहेरचं पानीई वाईट नाई. म्या यायले माया तांब्याच्या घंगायात ठेवलं अन् रोज चिंचेनं घासलं. पानी कयकलं. म्या चाखून पाह्यलं. हे म्या केलं, माया हातानं. पोरीनं सांगतलं तवा समजलं मले."

ज्या बाईने आयुष्यात कोणासमोर हार मानली नव्हती, ती इतक्या पुरुषांपुढे आपल्याच हाताला नाव ठेवत होती, आणि तेही माझ्या माहेराची लाज राखायला. पाटलाने घसा खाकरला. पुन्हा एकदा दोणीत पाहिलं.

"कयकलेलं पेऊन जगल्या," तो म्हणाला, "त बारवेत काय मरतीन? उद्या पाडवा हाय. सोडा."

गुढी उभारून झाल्यावर आम्ही त्या सोडल्या. सातही जणी फाटक्या शेपट्यांनी पायरीखालच्या काळोखात गेल्या. त्या दिवसापासून आत्याबाईंनी बारवेच्या वरच्या पायरीवर ठाण मांडलं. ज्याच्या पायाला नारूचा फोड असेल त्याला त्या खाली उतरू देत नसत. पाटलाच्या भावालाही त्यांनी परतवलं. शिव्या खाल्ल्या, दिल्या, पण हटल्या नाहीत. यांच्या पायाला त्या उन्हाळ्यात काही निघालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात निघाला तो आत्याबाईंच्या पायाला.

घोट्याच्या वर फोड आला आणि फुटला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मासोयाच्या शेपट्या खाल्ल्या म्या. त्याईनं माया पाय धरला." मी किती सांगितलं. हा मागल्या वर्षीच्या पाण्याचा नारू आहे, मासोळ्या सोडायच्या आधीचा, त्या माणसाने वर्ष लागतं म्हणून सांगितलं होतं. त्या ऐकून घ्यायच्या आणि मान हलवायच्या. काडीवर नारू गुंडाळायला त्या फक्त मला बसू द्यायच्या. मी रोज जरा जरा काढायचे, श्वास रोखून, तुटू नये म्हणून, आणि त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहायच्या. मला भीती वाटायची, पण सासऱ्यांच्या वेळी अशीच काडी आत्याबाईंच्या हातात होती आणि तरी आता त्या माझ्यावर विसंबून होत्या, हे आठवलं की माझे हात स्थिर व्हायचे.

आपलाच नियम, म्हणून त्या बारवेत उतरत नव्हत्या. वरच्या पायरीवर पाय लांब करून बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला विचारायच्या, "दिसल्या काय वं? शेपट्या आल्या काय त्याईच्या?" कोणी नीट सांगत नसे. मग एका सकाळी मी पाण्याच्या कडेला बराच वेळ बसले, कणकेचा कण टाकला आणि मातीच्या लोट्यात एक मासोळी पकडली. पायऱ्या चढून तो त्यांच्यापुढे धरला. उन्हात पाणी उजळलं होतं आणि मासोळीची शेपटी पूर्ण होती, पातळ, मलमलीसारखी, टोकापर्यंत धड.

आत्याबाईंनी लोटा दोन्ही हातांत घेतला. खूप वेळ पाहिलं. मग माझ्या हातात परत दिला.

"जा, सोड लवकर," त्या म्हणाल्या.

"मातीचा हाय, आत्याबाई. काई होत नाई त्याईले."

"कायचाई असो," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच पाणी आलं. "माया हातून दूर घेऊन जाय."